सांत्वनाला जाणाऱ्या मावशीच गेल्या, आता त्यांच्या घरी काय करावं?

ओसरी
सगळ्यांना सलाम. लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या, कारण मला खरंच सुचत नाहीये.

आमच्या चर्चमधल्या एक मावशी गेल्या मंगळवारी पहाटे प्रभूकडे गेल्या. वय ८४. नर्स होत्या, रिटायर होऊन पंचवीसेक वर्षं झाली तरी सगळे त्यांना सिस्टरमावशीच म्हणायचे. त्यांचे मिस्टर गुरुजी, ८८ वर्षांचे, प्राथमिक शाळेत मराठी शिकवायचे. पुण्यात गुरुवार पेठेत जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. मुलगी नाशिकला, मुलगा परदेशात, तो गुरुवारी सकाळी पोचला आणि दुपारी दफनविधी झाला. चर्च पूर्ण भरलेलं, बाहेर पायऱ्यांवर पण माणसं उभी होती. सोलापूर रोडच्या दफनभूमीत मूठमाती देताना किती घरातली माणसं आली होती ते बघून माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की ह्या बाई गेल्या चाळीस वर्षांत आमच्या मंडळीतल्या जवळजवळ प्रत्येक मयताच्या घरी गेलेल्या आहेत.

म्हणजे नुसत्या भेटायला नाही. कोणी गेल्याचा फोन आला की तासाभरात मावशी दारात. नर्स असल्यामुळे त्या न घाबरता हात लावायच्या, डोळे मिटवायचे, हनुवटीला पट्टी बांधायची, अंघोळ घालायची, कपडे करायचे, सगळं. घरातल्या बायकांना बाजूला बसवायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन आधी चहा टाकायच्या. माझे बाबा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मला त्या दिवसाचं फारसं काही आठवत नाही, पण मावशींनी माझ्या हातात कप दिला आणि मी पिईपर्यंत समोर उभ्या राहिल्या ते आठवतं. आणि मग सगळे पाहुणे गेल्यावर पंधराएक दिवसांनी त्या परत आल्या होत्या, भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन, आणि दोन तास आईशेजारी नुसत्या बसल्या.

तर आता प्रश्न असा की त्यांच्या घरी हे कोण करणार? रोज संध्याकाळी घरी प्रार्थना चालू आहे, आठ दिवस ठेवलीय. डबे तर इतके येतायत की शुक्रवारी एका दिवसात तीन घरून बिर्याणी आली, फ्रिजमध्ये जागा नाही आणि गुरुजी दोन घास पण खात नाहीत. खुर्चीत बसून असतात. कोणी बोललं तर हं म्हणतात. मुलगा पुढच्या बुधवारी परत जाणार, ताई रविवारपर्यंत आहेत. त्यानंतर गुरुजी एकटे. ते नाशिकला जायला तयार नाहीत.

ज्यांनी असं काही जवळून बघितलंय त्यांनी सांगा. काय केल्याने खरंच बरं वाटतं आणि काय करू नये?

नगरी_ढोलकी
मावशींना आदरांजली. वाचून आमच्या गावची एक आजी आठवली.

आमच्याकडे नगर जिल्ह्यात मयत झालं की रात्रभर भजन असतं. ढोलकी, टाळ, बाजाची पेटी, आणि अख्खी आळी. प्रेताजवळ रात्र जागवायची असते म्हणून गायचं, एवढं साधं आहे ते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती गाणी अभंगाच्या आणि भजनाच्या चालीत आणली त्याचा खरा उपयोग मला तिथे कळला, कारण विलायती चालीचं गाणं शोक करणाऱ्या म्हातारीला म्हणता येत नाही, अभंग मात्र तिला रडता रडता पण म्हणता येतो, ओळ पुढच्याने उचलली की झालं. टिळक १९१९ ला गेले, शंभर वर्षं होऊन गेली आणि अजून आमच्याकडे मयताच्या रात्री त्यांचीच गाणी पहिल्यांदा निघतात.

पुण्यात फ्लॅटमध्ये रात्रभर शक्य नाही मला माहितीये. पण संध्याकाळच्या प्रार्थनेत भाषणं कमी करा एवढंच सांगीन. मी हल्ली पुण्यात ज्या सांत्वन प्रार्थनांना जातो तिथे तीन तीन जण वीस वीस मिनिटं बोलतात आणि घरच्या माणसाला ताठ बसून ऐकावं लागतं. त्यापेक्षा उपासना संगीत हे आपलं गाण्यांचं पुस्तक उघडा आणि गुरुजींना पाठ असलेली चार गाणी म्हणा. ते नाही म्हणाले तरी ओठ हलतात का बघा.

कसब्यातला_शेजारी
मी हिंदू आहे, धाग्यावर बोलू का? एक विचारायचं होतं. आमच्या वाड्यात पूर्वी एक ख्रिश्चन कुटुंब होतं, त्यांची आजी गेली तेव्हा मी गेलोच नाही, कारण काय करायचं असतं माहीत नव्हतं. हार न्यायचा का, पाया पडायचं का, तिथे चहा घेतला तर चालतं का. ह्या विचारात दिवस गेले आणि मग उशीर झाला म्हणून लाज वाटली आणि राहिलंच. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही पण मला अजून ते टोचतं.

पाळकीणबाई
@कसब्यातला_शेजारी जरूर बोला. आणि उत्तर अगदी सोपं आहे, जायचं. हार चालतो, फुलं चालतात, पांढरे कपडे घालतात बरेच जण पण सक्ती काही नाही. आमच्यात सुतक नसतं, त्यामुळे चहा घ्या, जेवा, घरी येऊन अंघोळ करा नका करू तुमची पद्धत. पाया पडलात तर कोणी वाईट वाटून घेणार नाही.

एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते म्हणून सांगते. आम्ही प्रॉटेस्टंट लोक गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाही, तो प्रभूच्या हातात आहे असं मानतो. प्रार्थना असते ती मागे राहिलेल्यांसाठी. म्हणजे सांत्वनाची सगळी उपासना त्या खुर्चीत बसलेल्या गुरुजींसाठीच आहे. हे आपण लोक पण विसरतो आणि गेलेल्या माणसाच्या गुणवर्णनात तास काढतो.

ओसरी, माझ्या मिस्टरांची पाळक (चर्चचे धर्मगुरू) म्हणून सेवा तीस वर्षांची, किती घरं पाहिली असतील मोजदाद नाही. मी नव्या मुलींना नेहमी बायबलमधल्या ईयोबाचा दुसरा अध्याय वाचायला सांगते. ईयोबाचे तीन मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि कोणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं. तोपर्यंत ते चांगले मित्र होते. तोंड उघडून कारणं द्यायला लागले तिथून सगळं बिघडलं.

लेक_एकुलती
पाळकीणबाई +१.

माझी आई एप्रिल २०२१ ला गेली. तेव्हा वीसच माणसं चालायची. आमच्याकडे वीस पण नव्हती, सहा होतो. घरी प्रार्थनेला कोणी येऊ शकलं नाही. ज्या घरात नेहमी पन्नास चपला दाराबाहेर असायच्या तिथे आमच्याच दोन.

काय करू नये ते मी सांगू शकते. "वय झालं होतं, सोनं झालं" हे म्हणू नका. आई ७९ ची होती, मला हे इतक्या जणांनी फोनवर ऐकवलं की मी फोन उचलायचे बंद केले. सोनं झालं असेल, पण माझी आई होती ना. दुसरं म्हणजे "आता रडायचं नाही, त्या चांगल्या ठिकाणी आहेत". त्या चांगल्या ठिकाणी आहेत ह्यावर माझा विश्वास आहे, मनापासून आहे, पण म्हणून रडायचं नाही हे कुठून आलं? मेलेल्या लाजाराला उठवणार हे प्रभूला माहीत होतं तरी तो कबरेपाशी रडला. योहान ११:३५, अख्ख्या बायबलमधलं सगळ्यात लहान वचन म्हणून रविवारच्या शाळेत पाठ करून घेतात आणि मोठे झाल्यावर विसरतात.

बरं काय वाटलं ते पण सांगते. चर्चमधल्या एक काकू रोज रात्री साडेआठला फोन करायच्या आणि तेविसावं स्तोत्र म्हणायच्या. दुसरं काही नाही. कशी आहेस पण विचारायच्या नाहीत. स्तोत्र, आमेन, झोप आता. त्रेचाळीस दिवस. मी मोजले होते.

वसईवाला
आम्ही कॅथलिक, पुण्यात नोकरीला आहे वडगाव शेरीला. तुमच्या चर्चा वाचून एक जाणवलं. आमच्याकडे दिवस ठरलेले असतात. घरी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होते, सातव्या दिवशी मिस्सा (चर्चमधली उपासना), महिन्याची मिस्सा, वर्षाची, शिवाय २ नोव्हेंबरला सगळे दफनभूमीत, कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात. आम्ही मृतांसाठी प्रार्थना करतो हा फरक आहेच, त्यात मी जात नाही. पण ह्या ठरलेल्या दिवसांमुळे माणसं परत येतातच, कोणाला आठवण करायची गरज पडत नाही. माझे आजोबा गेले तेव्हा महिन्याच्या मिस्सेला लोक परत घरी आले आणि तेव्हा आजी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली, आधीच्या सगळ्या गर्दीत तिला काही कळतच नव्हतं. तुमच्याकडे आठ दिवसांनंतर काय असतं?

ओसरी
@वसईवाला काही नसतं. तेच तर. कोणी वर्षाने स्मरणार्थ उपासना ठेवतं, कोणी चाळिसाव्या दिवशी, पण असं सगळ्यांचं ठरलेलं नाही. मधला काळ मावशी भरून काढत होत्या हे आत्ता कळतंय.

काल नगरी_ढोलकी म्हणाले तसं केलं, पाळकांना आधीच विनंती केली, त्यांनी पाच मिनिटांत आटोपलं आणि मग नुसती गाणी. गुरुजींचे ओठ हलत होते.

हडपसरकर_जे
प्रार्थनेचं बाकीच्यांनी सांगितलं, मी कागदाचं सांगतो कारण ह्यात घरच्यांचा फार जीव जातो आणि हे बाहेरचा माणूस सहज करू शकतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला लागते. दफनासाठी पास काढला तेव्हा दिलेली माहिती, नावाचं स्पेलिंग, नवऱ्याचं नाव, वय, सगळं आधारप्रमाणे आहे का आत्ताच बघून घ्या, नंतर दुरुस्तीला हेलपाटे पडतात. दाखल्याच्या सात आठ प्रती घ्या. मावशी सरकारी नोकरीत असतील तर गुरुजींना फॅमिली पेन्शनचा अर्ज. आणि गुरुजींना स्वतःची पेन्शन असेल तर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, एवढी वर्षं बँकेत कोण घेऊन जायचं? मावशीच ना? मग आता ते काम कोणाच्या तरी नावावर लावा. मुलगा इथे आहे तोवर सह्यांची कामं उरका.

ओसरी
@हडपसरकर_जे फार उपयोगी. मुलाला दाखवलं, तो आजच वॉर्ड ऑफिसला जाऊन आला.

---

ओसरी
अपडेट. बारावा दिवस. ताई आणि दादा दोघंही गेले. जेवणाचा डबा लावलाय, धुणंभांडी करणाऱ्या बाई येतात, रात्री सोबतीला तरुण संघातला एक मुलगा झोपतो. म्हणजे व्यवस्था सगळी आहे. आणि तरी गुरुजी तसेच.

काल मी सकाळी साडेसातला गेले, ऑफिसच्या आधी, सहज. गुरुजी खुर्चीत, समोर स्टुलावर बायबल आणि वर घडी न मोडलेले पेपर. बारा दिवसांचे बारा. मी म्हटलं रद्दीत टाकू का, तर नको म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, तुला वेळ आहे का, हेडलाइनी तेवढ्या वाच.

तर गुरुजींना काचबिंदू आहे हे आम्हाला माहीत होतं. पण वाचायला अजिबातच येत नाही, मोठी अक्षरंही नाहीत, हे मंडळीत कोणालाच माहीत नव्हतं! चर्चमध्ये ते गाणी पाठ म्हणायचे, पुस्तक हातात धरून. मावशी गेली सहा वर्षं रोज सकाळी चहा झाला की त्यांना एक अध्याय वाचून दाखवायच्या आणि मग पेपर. पेपरात शेवटी निधनवार्ता. तिथूनच त्यांना कळायचं कुठल्या घरी जायचंय. ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना वाचायला शिकवलं त्याला बारा दिवस कोणी एक अक्षर वाचून दाखवलं नव्हतं, आणि आम्ही त्याला बिर्याणी नेऊन देत होतो.

मला रस्त्यात रडू आलं.

हडपसरकर_जे
मोबाईलवर मराठी ऑडिओ बायबल मिळतं, फुकट आहे. एक छोटा स्पीकर घेऊन द्या. बातम्यांचं पण होईल. रोज कोणी जाणं किती दिवस जमणार हा पण विचार करा, सवय लावून मग बंद पडलं तर जास्त वाईट.

ओसरी
@हडपसरकर_जे दादांनी जायच्या आधी घालून दिलं होतं. गुरुजींनी दोन दिवस ऐकलं. आवाज चांगला आहे म्हणाले. आणि मग बंद करून ठेवलं. तुमचा दुसरा मुद्दा मात्र खरा आहे, म्हणूनच एका माणसाने घ्यायला नको, वार वाटून घेऊ. सात माणसं हवीत. मी सोमवार आणि शनिवार.

पाळकीणबाई
गुरुवार मी येते. स्त्री मंडळात विचारते, शुक्रवार आणि रविवारची सोय होईल. ह्या रविवारी उपासनेनंतर जाहीर करायला सांगू का? डोळ्यांचं सांगू नये, गुरुजींनी ते इतकी वर्षं झाकून ठेवलं त्याला काही कारण असेल. नुसतं "सकाळच्या वाचनाला सोबत" म्हणू.

कसब्यातला_शेजारी
पेपर वाचायला मी चालेन का? कसब्यातून गुरुवार पेठ पायी पंधरा मिनिटं, मी रिटायर माणूस आहे. बायबल वाचायला माझी हरकत नाही, त्यांची नसेल तर. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

---

ओसरी
अपडेट २. वार लागले. कसब्यातले काका बुधवारी जातात. तरुण संघातला तो रात्री झोपणारा मुलगा मंगळवारी वाचतो. पहिल्या दिवशी त्याने ळ ला ल म्हटलं आणि गुरुजींनी त्याला थांबवलं. इंग्लिश मीडियमचा आहे बिचारा. तीन ओळींत पाच वेळा थांबवलं. तो मला म्हणाला ताई मला जमणार नाही, मी म्हटलं अरे अठरा दिवसांत गुरुजी एवढं बोलले नव्हते, तू जा. आता तो आदल्या रात्री उतारा मोठ्याने वाचून तयारी करतो, त्याची आई सांगत होती.

एक सल्ला हवाय. मावशींनी बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक चालू केलं होतं, पाचव्या अध्यायात खूण होती, आम्ही तिथून पुढे चाललोय. नववा अध्याय येतोय. ज्यांना माहितीये त्यांना कळेल मी का विचारतेय. टबीथा. चांगली कामं करणारी बाई मरते, आणि विधवा प्रेषित पेत्राभोवती रडत उभ्या राहून तिने शिवलेले कपडे दाखवतात. मावशी हॉस्पिटलमधल्या बाळांसाठी आयुष्यभर टोपडी विणायच्या. मला वाचवणार नाही ते. दुसरं पुस्तक घेऊ का, स्तोत्रं वगैरे?

पाळकीणबाई
टाळू नका. गुरुजींना अख्खं पाठ आहे, नववा कधी येतोय हे त्यांना तुमच्याआधी माहीत असणार. टाळलंत तर आपण घाबरलो हे त्यांना कळेल.

लेक_एकुलती
टाळू नका +१. आईच्या आवडीचं गाणं लोक माझ्यासमोर वर्षभर टाळायचे. मला ते ऐकायचं होतं.

कसब्यातला_शेजारी
नववा अध्याय काल माझ्याच वाट्याला आला. ओसरींनी आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं, बदलून घ्यायचंय का, मी म्हटलं असू दे. मोठा अध्याय आहे, आधी दमास्कसच्या वाटेवरचा शौल, तो भाग गुरुजी डोळे मिटून ऐकत होते, मध्ये एकदा माझा उच्चार दुरुस्त केला. मग टबीथा आली. विधवांनी कपडे दाखवले त्या ओळीला थांबा म्हणाले. परत वाचा म्हणाले. मी परत वाचली. परत वाचा. तीन वेळा.

मग रडले. मी गप्प बसलो, धाग्यावर वाचलं होतं म्हणून बसता आलं, नाहीतर मी नक्की काहीतरी बोललो असतो. दहा मिनिटं तरी गेली. मग म्हणाले कपाटाचा खालचा कप्पा उघडा. त्यात पिशवीभर टोपडी, पिवळी पांढरी, एक अर्धवट विणलेलं सुयांसकट. प्रत्येक हातात घेऊन चाचपून बघत होते. ते हॉस्पिटलला कोण पोचवणार ह्याची त्यांना काळजी आहे.

पुढचं वाचू का विचारलं, हो म्हणाले. पेत्र तिला उठवतो तिथे अध्याय जवळजवळ संपतो. मी पुस्तक मिटलं तर गुरुजी म्हणाले, त्यांची उठली. आमची नाही उठली अजून.

ते "अजून" त्यांनी इतकं साधं म्हटलं, जसं काही बस यायचीये. मी घरी चालत येताना त्याचाच विचार करत होतो. तुमच्या श्रद्धेतलं मला सगळं कळतं असं नाही, पण ते कळलं.

नंतर पेपर वाचला. निधनवार्ता पण वाचायला लावल्या. एक नाव त्यांच्या ओळखीचं निघालं, जुने सहशिक्षक, पर्वती पायथ्याला घर आहे. गुरुजी म्हणाले भेटायला जायला हवं, रिक्षा मिळेल ना?

ओसरी
काका, फोनवर बोललेच आहे, इथे परत काय लिहू.

टोपडी मी शनिवारी घेऊन जाते. अर्धवटवालं माझी आई पूर्ण करणारे. पर्वतीला आज सकाळी गुरुजी, काका आणि मी जाऊन आलो. गुरुजी त्या घरात पाऊण तास बसले. काही बोलले नाहीत, तिथल्या वहिनींचा हात धरून बसले. निघताना मला म्हणाले पंधरा दिवसांनी परत यायचं, लिहून ठेव. लिहून ठेवलंय.

परीक्षेमुळे मंगळवारच्या मुलाला पुढचे दोन आठवडे जमणार नाही. सकाळी साडेसात ते सव्वाआठ, नाना पेठ, गुरुवार पेठ, भवानी पेठ जवळपासचं कोणी असेल तर व्यनि करा. ळ नीट यायला हवा असं नाही.